वाट पाहणाऱ्याचा हक्क

रमजान सुरू होण्याच्या दोन-चार दिवस आधी मशिदीच्या दारात, बेकरीत, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर एक छापील तक्ता मिळू लागतो. तीसही दिवसांची सहरी संपण्याची आणि इफ्तारची वेळ त्यावर मिनिटासह दिलेली असते. खाली कुणा दुकानदाराची जाहिरात असते. हा तक्ता घरोघरी फ्रिजवर किंवा दाराच्या मागे चिकटवला जातो आणि महिनाभर सगळे घर त्यावर चालते. साधारण तेरा तास पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या माणसाला संध्याकाळी दस्तरखानवर बसल्यावर किती मिनिटे उरली आहेत हे नेमके ठाऊक असते. खजूर समोर असतात, सरबताचे पेले भरलेले असतात, तरी लहान मूलसुद्धा हात पुढे करत नाही.

महिन्याच्या शेवटी मात्र तक्ताही पुरत नाही. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी लोक गच्चीवर चढतात, आकाशाकडे बघतात, एकमेकांना फोन करतात. ईद उद्या की परवा, हे कुणालाच माहीत नसते. पण ते माहीत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. चंद्र दिसला नाही तर मशिदीतून तसे जाहीर होते आणि लोक निमूटपणे तिसाव्या रोजाच्या तयारीला लागतात. एक दिवस वाढला म्हणून कुणी चिडत नाही, कारण कारण समोर असते.

हाच संयमी माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीच्या शोरूममधून बाहेर पडताना मात्र संतापलेला असतो. चार महिन्यांपूर्वी त्याने गाडी नोंदवलेली असते. मॉडेल, रंग, पेट्रोल की सीएनजी, गिअर हाताचा की ऑटोमॅटिक, सगळे निवडून झालेले असते. बुकिंगची रक्कम भरलेली असते. तेव्हा सांगितले होते आठ आठवडे. आता सोळा झाले. विचारले की उत्तर येते, ‘वरूनच गाडी आलेली नाही’, ‘अजून अलॉट झालेली नाही’, ‘पुढच्या आठवड्यात बघू’. रोजाने तो थकलेला नसतो, या पुढच्या आठवड्याने थकलेला असतो.

पाडवा आणि ईद, दोन्ही चुकतात

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि दुसऱ्याच दिवशी ईद. यंदाही १९ मार्चच्या पाडव्याच्या पाठोपाठच ईद येते आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून पाडव्याला गाडी घरी आणण्याची आपल्याकडे रीत आहे. ईदला नव्या गाडीतून ईदगाहला जावे, आईवडिलांना पहिली चक्कर मारून आणावी, ही हौसही तितकीच. त्यामुळे मार्चमध्ये शोरूममध्ये शेजारी शेजारी बसलेले दोन ग्राहक एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असतात. एकाला हार आणि नारळ कधी आणायचा हे कळत नसते, दुसऱ्याला मिठाईची ऑर्डर कधी द्यायची हे.

हौस चुकली तर वाईट वाटते, पण ते विसरता येते. खरी अडचण होते ती ज्याचे पोट गाडीवर आहे त्याची. शाळेची मुले ने-आण करणारा व्हॅनचालक जुनी गाडी विकून नवी नोंदवतो. नवी यायला जितका उशीर होईल, तितके दिवस भाड्याची गाडी किंवा बुडालेली कमाई. भाजीपाल्याचा टेम्पो घेणाऱ्याचा हंगाम निघून जातो. कर्जमंजुरीची मुदत संपते आणि कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतात. कधी कर्जाची रक्कम आधीच उचललेली असते आणि गाडी यायच्या आधी हप्ता सुरू होतो. अदलाबदलीत देऊ केलेल्या जुन्या गाडीची किंमत दर महिन्याला उतरते. आणि नव्या गाडीची किंमत बहुतेक बुकिंग फॉर्मवर लिहिल्याप्रमाणे ताबा देण्याच्या दिवशीची लागते, नोंदणीच्या दिवशीची नाही.

अपंग व्यक्तीसाठी हाताने चालवायचे ब्रेक आणि अॅक्सिलरेटर बसवून घ्यायची गाडी असेल, तर वाट आणखी लांबते. आधी ऑटोमॅटिक गाडी मिळायला हवी, मग तिच्यात बदल करायचे, मग आरटीओची मान्यता घ्यायची. अशा माणसासाठी गाडी म्हणजे कुणाची मदत न मागता दवाखान्यात किंवा कामावर जाण्याचे साधन. त्याला ‘बघू’ म्हणणे अधिक जड जाते.

उशीर नेमका कुठे होतो?

गाडी उशिरा येण्यामागे दरवेळी लबाडी असते असे नाही. २०२० च्या टाळेबंदीत गाड्यांची विक्री थांबली, तेव्हा जगभरच्या वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. चिप बनवणाऱ्यांनी आपली क्षमता लॅपटॉप, मोबाइल अशा मागणी असलेल्या वस्तूंकडे वळवली. काही महिन्यांत गाड्यांची मागणी परतली, पण तोवर वाहन कंपन्या रांगेत मागे गेल्या होत्या. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या हिमवादळाने तिथले चिपचे कारखाने बंद पडले आणि मार्चमध्ये जपानमधील नाका येथील चिपच्या कारखान्याला आग लागली. एअरबॅग, ब्रेक, इंजिन, दरवाजाची काच, समोरचा पडदा, सगळ्यांना चिप लागते. एक चिप नाही म्हणून पूर्ण तयार गाड्या कारखान्याच्या मैदानात उभ्या राहिल्या. आपल्याकडेही काही लोकप्रिय गाड्यांसाठी लोकांनी वर्षभर किंवा त्याहून जास्त वाट पाहिली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ खनिजे आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कारखान्यांची अशीच कोंडी झाली.

ही मोठी कारणे झाली. रोजची कारणे छोटी असतात. कारखान्यात गाड्या एकेका ग्राहकाच्या नावाने बनत नाहीत, गटागटाने बनतात. जास्त खपाच्या प्रकारांची पाळी वारंवार लागते. कमी खपाचा रंग, विशिष्ट गिअर आणि वरचे छप्पर उघडणारा प्रकार असे तिन्ही एकत्र मागणाऱ्याला त्या गटाची पाळी येईपर्यंत थांबावे लागते. बनलेल्या गाड्या कोणत्या विक्रेत्याला किती द्यायच्या हे कंपनी ठरवते. मग ट्रेलरची वाट, गोदामातली तपासणी, विमा, नोंदणी, नंबर प्लेट. या साखळीत कुठेही एक-दोन आठवडे सहज जातात.

ग्राहकासमोर बसलेल्या विक्री प्रतिनिधीला यातले फारसे काही कळतही नाही. तो बहुधा विशी-पंचविशीतला मुलगा असतो. त्याच्या पडद्यावर ‘प्रलंबित’ एवढेच दिसते, आणि महिन्याच्या शेवटी किती बुकिंग आणली एवढेच त्याला विचारले जाते. ‘मला माहीत नाही’ म्हणायची त्याला परवानगी नसते, म्हणून तो ‘पुढचा आठवडा’ म्हणतो. मग ग्राहकाच्या मनात शंका येते: मागून आलेल्याला आपली गाडी दिली का? ज्याने जास्तीचे सामान आणि विमा इथूनच घेतला, त्याचा नंबर आधी लागला का? कधी ही शंका खरी असते, कधी खोटी. पण कारण सांगितले नाही की शंका येणारच.

आज साठी ओलांडलेल्यांना याहून मोठ्या रांगा आठवतात. परवाना राजच्या काळात स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत, लेकीच्या लग्नाचा विचार करून आधीच नोंदणी करून ठेवत. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते मारुतीची पहिली किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली, ती बातमी देशभर गाजली, कारण कितीतरी जण त्याच रांगेत होते. त्या रांगांतही काळाबाजार होता, वशिला होता. तरी यादीत आपला क्रमांक असायचा आणि कितवा नंबर आला हे विचारता यायचे. आज फोनवर जेवणाचा डबा कोणत्या चौकात पोहोचला हे दिसते. दहा लाखांची गाडी कुठे आहे, हे मात्र दिसत नाही.

खजुराचा सौदा, लाकडाचा मिंबर

आधी पैसे आणि नंतर माल, हा व्यवहार नवा नाही. हजरत मुहंमद पैगंबर (स.) मक्केहून मदिनेला आले, तेव्हा तिथले लोक एक, दोन, तीन वर्षांनी येणाऱ्या खजुराच्या पिकाचे पैसे आधीच देत असत. शेतकऱ्याला हंगामापूर्वी भांडवल मिळत असे, घेणाऱ्याला स्वस्तात माल. हजरत इब्ने अब्बास यांच्या हदीसनुसार पैगंबरांनी हा व्यवहार बंद केला नाही, पण त्याला अट घातली: माप ठरलेले हवे, वजन ठरलेले हवे आणि मुदतही ठरलेली हवी. इस्लामी कायद्यात या व्यवहाराला ‘सलम’ म्हणतात. पैसे आधी घेणाऱ्याने ‘केव्हा’ हे सांगायलाच हवे, हा त्याचा गाभा आहे.

सांगून बनवून घेण्याच्या व्यवहाराला वेगळे नाव आहे, ‘इस्तिस्ना’. चपला, भांडी, हत्यारे कारागिराकडून आपल्या मापाने बनवून घेणे हा त्याचा जुना नमुना. मदिनेच्या मशिदीतला लाकडी मिंबर पैगंबरांनी एका सुताराकडून असाच बनवून घेतला होता, आणि विद्वान त्याचा दाखला देतात. अजून अस्तित्वातच नसलेली वस्तू विकता येते का, हा खरे तर कायद्याचा पेच. हनफी विद्वानांनी लोकांची गरज आणि सर्वत्र रूढ असलेली रीत पाहून त्याला मान्यता दिली. आपल्याकडचे बहुसंख्य मुस्लिम याच हनफी परंपरेतले. पुढे ओटोमन साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेने असा करार दोघांवरही बंधनकारक मानला. वस्तू सांगितल्याप्रमाणे नसेल तर ती घ्यावी की नाकारावी, हे ग्राहकाने ठरवायचे.

१९९२ साली जिद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत याच विषयावर ठराव झाला. बनवून द्यायच्या वस्तूचा प्रकार, प्रमाण आणि गुण स्पष्ट हवेत, मुदत निश्चित हवी आणि दोघांनी आधी मान्य केले असेल तर उशिरासाठी भरपाईची अटही घालता येते, असे त्यात म्हटले आहे. उत्पादकाच्या हाताबाहेरच्या आपत्तीला यातून सूट आहे. म्हणजे चिपच्या कारखान्याला आग लागली तर दोष कुणाचा नाही. पण आग लागली हे ग्राहकाला न सांगणे, ही आपत्ती म्हणता येत नाही.

बाजारातला आणखी एक प्रसंग हदीसमध्ये येतो. पैगंबर धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने सांगितले, पावसाने भिजले. पाऊस हा काही त्याचा गुन्हा नव्हता. पैगंबरांची हरकत वेगळी होती: भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते? लपवाछपवी करणारा आपल्यातला नाही, असे त्यांनी बजावले.

उंटाचा तगादा

‘रमजान आहे, सब्र करा,’ असे या महिन्यात सहज म्हटले जाते. सब्र ही मोठी गोष्ट आहे, पण तिचा अर्थ तोंड बंद ठेवणे असा नाही. याविषयीची एक हदीस गाडीची वाट पाहणाऱ्यांनी जरूर ऐकावी अशी आहे, कारण त्यातला मुद्दा त्या काळच्या वाहनाचाच आहे.

एका माणसाचे पैगंबरांकडे एक उंट घेणे होते, ठरावीक वयाचा. तो मागायला आला आणि फार कठोरपणे बोलला. आजूबाजूचे सहाबी संतापले, त्याच्यावर धावून जायला निघाले. पैगंबरांनी त्यांना थांबवले. ज्याचे घेणे आहे त्याला बोलण्याचा हक्क आहे, असे ते म्हणाले, आणि त्याला उंट द्यायला सांगितले. शोधले तर त्या वयाचा उंट मिळेना, मिळाला तो अधिक चांगला. तोच द्या, असे त्यांनी सांगितले आणि देणे उत्तम रीतीने फेडणारा तो माणसांत उत्तम, असेही सांगितले.

इथे संयम दाखवला तो देणेकऱ्याने. मागणाऱ्याला कुणी सब्राचा उपदेश केला नाही. आपल्याकडे हे नेमके उलटे होते. ज्याचे पैसे अडकले त्याला शांत राहायला सांगितले जाते, आणि ज्याच्याकडे अडकले तो चहा मागवतो.

‘ऑर्डर घेणे बंद’

हा आरसा फक्त मोठ्या कंपन्यांपुढे धरून चालणार नाही. ट्रकची चेसिस आणून बॉडी बांधून देणारे, रिक्षाचे हूड शिवणारे, शटर-ग्रील बनवणारे, फर्निचरवाले, यांत मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या हाताला कसब आहे, पण तारखेच्या बाबतीत गावोगावी त्यांची एकच ख्याती आहे. अॅडव्हान्स घ्यायचा, त्या पैशातून आधीच्या माणसाचे काम पुरे करायचे आणि नव्या माणसाला ‘बस, दोन दिवस’ सांगायचे. तोंडाने ‘इन्शाअल्लाह’ म्हणायचे आणि मनातून तारीख पाळायची नाही, हा तर त्या शब्दाचाच अपमान. ‘अल्लाहची इच्छा असेल तर’ हे माणसाने आपल्या बाजूने पूर्ण प्रयत्न करायचे ठरवूनच म्हणायचे असते.

पण याच मोहल्ल्यांत एक चांगला नमुनाही दर रमजानला दिसतो. अर्धा महिना उलटला की अनेक टेलरच्या दुकानांवर पाटी लागते: ऑर्डर घेणे बंद. गिऱ्हाईक दारात उभे असते, हातात कापड असते, पैसेही द्यायला तयार असते. तरी मास्टर मान हलवतो. चाँदरातपर्यंत आपल्या दोन मशीनवर किती कुर्ते निघतील, हे त्याला ठाऊक असते. आलेले गिऱ्हाईक परत जाताना थोडे नाराज होते, पण ईदच्या सकाळी नव्या कपड्यांविना बसलेल्या मुलाला समजावण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. ही पाटी लावणाऱ्याला तोटा होतो आणि तो तोटा तो सोसतो. बुकिंग घेत राहणाऱ्या मोठ्या दुकानांना हे शिकायला हरकत नाही.

कागदावर काय हवे

व्यवहार उधारीचा, मुदतीचा असेल तर तो लिहून ठेवा, ही कुरआनची शिकवण आहे. दुसऱ्या सूरहमधली ही आयत कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. हिशेब लिहिण्याला तिथे एवढी जागा दिली आहे, कारण लिहिलेले असले की नाते बिघडत नाही.

गाडी नोंदवताना प्रकार, रंग, बुकिंग क्रमांक आणि ताबा मिळण्याचा अंदाजे काळ पावतीवर लिहून घ्यावा. बुकिंग रद्द केले तर किती पैसे, किती दिवसांत परत मिळतील हे आधीच विचारावे. किंमत कोणत्या दिवसाची लागणार हेही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा थांबलेल्यांचा फायदा झाला. नेहमी असे होत नाही. आपल्या नावावर गाडी लागून चेसिस क्रमांक हाती येईपर्यंत बँकेला कर्जाची रक्कम सोडू देऊ नये. विमा कुठून घ्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. उशिराबद्दल तोंडी विचारण्यापेक्षा ईमेलवर विचारावे, म्हणजे उत्तराला तारीख राहते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवेतील त्रुटी’ची जी व्याख्या आहे, तीत ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे हेही येते. उशीर झाला हा एक मुद्दा आणि उशिराचे कारण दडवले हा दुसरा, असे दोन्ही मुद्दे ग्राहक मांडू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टेम्पो किंवा व्हॅन घेणाराही कायद्याने ग्राहकच ठरतो.

विक्रेत्यांकडून अपेक्षा फार मोठी नाही. दर पंधरा दिवसांनी एक निरोप द्यावा: गाडी अजून बनलेली नाही, अमुक भाग आलेला नाही, नवा अंदाज तमुक महिन्याचा. निरोप वाईट असला तरी चालेल. तो मिळाला की माणूस जुनी गाडी विकायची थांबवतो, दुसरा रंग चालेल का ते घरी विचारतो, किंवा पैसे परत घेऊन दुसरीकडे जातो. त्याच्या हातात काहीतरी उरते.

रमजानचे शेवटचे दिवस आता जवळ आले आहेत. फितऱ्याचे पैसे बाजूला काढले जात आहेत, शिरखुर्म्याचा सुकामेवा निवडला जातो आहे. ज्या कारागिराकडे कुणाचे काम राहिले आहे आणि ज्या शोरूममध्ये कुणाची गाडी अडली आहे, त्यांनी चाँदरात व्हायच्या आत त्या माणसाला एक फोन करावा आणि खरे काय ते सांगावे. पाडव्याला वाट पाहणाऱ्यालाही तो फोन हवा आहे आणि ईदला वाट पाहणाऱ्यालाही.